जाळी की कव्हर विचारताय, पण आधी ब्रॅकेट हलवून बघा

तुमचा प्रश्न असा, की बंपरवर दोन एलईडी स्पॉट लावलेत, पुढच्या गाडीने उडवलेल्या दगडाने एकाची लेन्स फुटली, आता नव्या लाइटला जाळी लावायची की पारदर्शक कव्हर.

कव्हर लावा. जाळीतून बारीक खडी आत जातेच, चिखल अडकून बसतो आणि उजेड कमी होतो तो वेगळाच. पॉलीकार्बोनेटचं, म्हणजे मजबूत पारदर्शक प्लास्टिकचं, कव्हर दगडाचा मार स्वतः खातं, फुटलं तर तेवढंच बदलायचं. फक्त एक सांभाळा, कव्हर आणि लेन्सच्या मधे धूळ शिरते आणि गाडी हादरली की ती धूळ लेन्सवर घासत राहते, म्हणून दर वेळी गाडी धुताना कव्हर काढून आतनं पण पाणी मारायचं. नाहीतर दगड लागला नाही तरी सहा महिन्यांत लेन्स पांढरी पडलेली दिसेल. आणि खडीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून भरपूर मागे राहा, याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

पण खरं सांगू का, माझ्या बघण्यात दगडाने गेलेले लाइट कमी, हादऱ्याने आणि पाण्याने गेलेले जास्त. माझ्याच गाडीचं सांगतो. लेन्सवर एक चरा नव्हता, मी खूश, आणि एका रात्री रस्त्यावरचा उजेड नाचायला लागला. थांबून बघतो तर लाइट वायरवर लोंबकळतोय. लाइट धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, जिथे वाकवलेली असते ना, बरोबर त्या वळणावर तुटली होती, आणि तुटलेल्या कडेवर अर्धा भाग तपकिरी गंजलेला, अर्धा ताजा चकचकीत. म्हणजे चीर खूप आधीच पडलेली होती, मी बघितलीच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक ट्रिपच्या आधी त्या वळणावरनं नख फिरवतो, केसाएवढी चीर असली तरी नख अडकतं.

तुम्ही आत्ताच जाऊन लाइट हाताने गच्च धरून हलवा. नुसता लाइट हलला तर नट ढिला आहे. लाइटबरोबर बंपरचा पत्रा पण हलत असेल तर पत्र्याच्या मागनं जाड पट्टी टाकून मग बोल्ट मारा, पातळ पत्र्यावर कितीही भारी ब्रॅकेट लावली तरी उपयोग नाही. लांब लाइट बार असेल तर नुसत्या दोन टोकांवर सोडू नका, मधे आधार द्या. साध्या नटाऐवजी नायलॉक नट वापरा, त्यात आत नायलॉनची कडी असते म्हणून तो हादऱ्याने सहज ढिला होत नाही, आणि नट आणि बोल्ट दोन्हीवरनं पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना लावून बघायची पण गरज नाही.

आता पाणी. लाइटच्या डब्यावर आयपी 67 लिहिलंय, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ न देण्याचा दर्जा, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्यातली पाण्याची टेस्ट म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, आणि त्यात लाइट आणि पाणी यांच्या तापमानात 5 अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. आपण काय करतो, तासभर पेटलेला तापलेला लाइट थेट ओढ्याच्या गार पाण्यात घालतो. आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून दिवसा पाणी पार करायचं असेल तर दहा-पंधरा मिनिटं आधी लाइट बंद करा, रात्री असेल तर थांबून थोडा गार होऊ द्या. बऱ्याच लाइटच्या मागे वाटाण्याएवढं काळं बटण असतं, तो ब्रीदर, हवा आतबाहेर करायला, तो चिखलाने बुजू देऊ नका आणि त्यावर सिलिकॉन तर अजिबात फासू नका. प्रेशर वॉशर पण लांबूनच, जवळून जोरात मारलेल्या धारेची परीक्षा आयपी 67 मधे येतच नाही, ती आयपी 69 मधे येते.

लाइटच्या मागच्या धातूच्या पंखांमधला चिखल तिथल्या तिथे काढा, एलईडीची उष्णता तिथूनच बाहेर पडते. लेन्स कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी भरपूर पाणी. पेट्रोल, थिनर तर नकोच, पॉलीकार्बोनेटला त्याने बारीक बारीक तडे जातात.

वायर जिथे पत्र्याच्या भोकातनं जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं रबराचं कडं, हवाच, नाहीतर कडेवर घासून घासून तांबं उघडं पडतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूजच्या आधीची वायर शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं कोणी नाही. कनेक्टरच्या आधी वायरला खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत कनेक्टरमधे न जाता तिथेच गळून जाईल.

आणि तो फुटलेला लाइट अजून गाडीवर असेल तर पेटवू नका. त्याचा कनेक्टर काढा, वायरचं तोंड टेपने नीट बंद करा. दोन्ही लाइट एकाच फ्यूजवर असतील तर फुटलेल्यात पाणी जाऊन शॉर्ट झाला की चांगला लाइट पण त्याच्याबरोबर बंद पडतो, आणि तो बंद पडणार नेमका अंधारात, वळणावर.