निवडुंग मंडळाचा अंक इतरांनी का वाचावा?

प्रश्न : आमच्या निवडुंग आणि सक्युलंट (पानाखोडांत पाणी साठवणारी झाडं) मंडळाच्या त्रैमासिकाचं संपादन मी करते. लेखक जाणकार आहेत, माहिती भरपूर असते, पण अंक सभासदांच्या घराबाहेर जात नाही. कार्यकारिणीला तो आता सर्वांसाठी काढायचा आहे. ज्येष्ठ सभासदांना मात्र वाटतं, की सोपं करण्याच्या नादात दर्जा जाईल. सुरुवात कुठून करू? सोबत ताजा अंक पाठवत आहे.
– एक संपादक

उत्तर : अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आधी अध्यक्षांचं मनोगत, मग वार्षिक सभेचा वृत्तान्त, मग स्पर्धेतल्या विजेत्यांची यादी, आणि पहिलं झाड भेटतं ते अकराव्या पानावर. सभासदाला हे चालतं, कारण त्या यादीत त्याचं नाहीतर त्याच्या मित्राचं नाव असतं. बाहेरच्या माणसाला मंडळाशी काही देणंघेणं नाही. त्याच्या खिडकीत एक कुंडी आहे आणि तिच्यातलं झाड बुडाशी मऊ पडत चाललंय. अंक त्या कुंडीपासून सुरू करा. सभेचा वृत्तान्त गाळू नका, सभासदांचा तो हक्क आहे. तो शेवटच्या पानांवर न्या, किंवा त्याची पुरवणी करून फक्त सभासदांच्या प्रतींत घाला.

दर्जाची काळजी करणाऱ्या ज्येष्ठांना अठराव्या शतकातल्या विल्यम कर्टिस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. लंडनच्या आसपास आपसूक उगवणाऱ्या वनस्पतींवर त्यानं मोठा सचित्र ग्रंथ काढायला घेतला होता. काम अव्वल होतं, पण पैसेवाल्या गिऱ्हाइकांना रानगवतात रस नव्हता. मग १७८७ मध्ये त्यानं 'बोटॅनिकल मॅगझीन' सुरू केलं. लोक बागेत हौसेनं लावत ती झाडं घेतली, हातानं रंगवलेली चित्रं दिली. पहिलं चित्र होतं पर्शियन आयरिसचं. पण प्रत्येक चित्राशेजारी शास्त्रीय नाव होतं, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या वर्गीकरणातलं स्थान होतं आणि झाड कसं वाढवायचं तेही होतं. आपण लावतो त्या झाडांची शास्त्रीय ओळख ज्यांना हवी आहे, अशा स्त्री-पुरुषांसाठी आणि माळ्यांसाठी हे मासिक आहे, असं त्यानं पहिल्या पानावरच छापलं. ते अंक हातोहात खपले. हे नियतकालिक आजही लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या वतीनं निघतं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ते संदर्भाला घेतात. लोकांना हवं ते झाड समोर ठेवलं आणि शास्त्र जसंच्या तसं राहू दिलं, एवढंच त्यानं केलं.

आता तुमच्याच अंकातलं एक वाक्य घेऊ, दगडासारख्या दिसणाऱ्या लिथॉप्स या झाडाबद्दलचं. 'लिथॉप्समध्ये पर्णनूतनीकरणाच्या काळात सिंचन वर्ज्य करावे.' अक्षरशः बरोबर आहे आणि नवख्याला काडीचा उपयोग नाही. तेच असं लिहून पाहा : 'दोन जाड पानांच्या फटीतून नवी जोडी डोकावू लागली, की पाणी बंद करा. नवी पानं जुन्या पानांतलंच पाणी शोषून वाढतात. जुनी पानं कागदासारखी वाळली, की पुन्हा पाणी सुरू. मध्येच पाणी घातलंत, तर जुनी पानं वाळतच नाहीत आणि जोडीवर जोडी साचत जाते.' शब्द वाढले, पण वाचणाऱ्याला कुठे पाहायचं आणि का थांबायचं, हे कळलं. 'का' सांगितलं, की सूचना लक्षात राहते. हे काम लेखकाशेजारी बसून करा. त्याला न विचारता वाक्यं बदललीत, तर पुढचा लेख यायचा नाही.

त्याच लेखात एक गोष्ट तळटीपेत दडपली गेली आहे. १८११ मध्ये विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गअभ्यासकानं दक्षिण आफ्रिकेत एक गमतीदार आकाराचा दगड म्हणून काहीतरी उचललं आणि ते लिथॉप्सचं झाड निघालं. लेख इथूनच सुरू व्हायला हवा होता! मला तळटीपा फार प्रिय आहेत. लेखातला जीव पुष्कळदा तिथेच लपलेला असतो.

शास्त्रीय नावं काढू नका. रोपवाटिकेत एकाच नावानं तीन वेगळी झाडं विकली जातात, तिथे हीच नावं कामी येतात. परिभाषा मात्र पहिल्यांदा आली की तिथल्या तिथे उलगडा, आणि जमलं तर वाचकाला हाताला धरून कुंडीपाशी न्या. 'एरिओल म्हणजे काटे जिथून फुटतात ती लवदार गादी. ती असेल, तर तुमचं झाड खरं निवडुंग. ती नसेल आणि ओरखडा पडताच पांढरा चीक आला, तर बहुधा युफोर्बिया. तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.' हे वाचल्यावर माणूस उठून कुंडी बघून येणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एका बाबतीत मात्र अंक सर्वांसाठी खुला करण्याआधीच कडक व्हा. सभासदांपुरत्या अंकात दुर्मीळ झाड नेमकं कुठल्या टेकडीवर दिसलं, हे छापलं जायचं. ते बंद करा. दक्षिण आफ्रिकेत कॉनोफायटमसारखी इवलीशी झाडं चोरून, उपटून विकली जातात. निवडुंगांचं जवळजवळ सगळं कुळ साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, ते असल्याच व्यापाराला लगाम घालण्यासाठी. 'कोरडा, खडकाळ उतार' एवढं वाचकाला पुरतं. फोटोतली जागेची नोंदही फाइलमधून काढून मगच फोटो द्या. सभासदांच्या मोठ्या संग्रहांबद्दल लिहाल, तेव्हा घराचा पत्ता नको.

छापण्याआधी कच्ची प्रत मंडळाबाहेरच्या कुणाला तरी द्या आणि मत विचारू नका, माणसं भिडेखातर चांगलंच बोलतात. शेजारी बसा आणि कुठल्या पानावर हात थांबतो, कुठली पानं भराभर उलटली जातात, ते पाहा.

प्रश्न : आमच्या नेचे (फर्न) मंडळाच्या अंकात फोटो उत्तम असतात. तरी लोक नुसता चाळून ठेवून देतात. काय करावं?
– एक वाचक

उत्तर : फोटोखालच्या ओळी बदला. तुमच्याकडे फोटोखाली फक्त झाडाचं नाव आणि फोटो काढणाऱ्याचं नाव असतं. चाळणारा माणूस लेखाआधी तीच ओळ वाचतो, तेव्हा तिथे त्याच्या कामाचं काहीतरी हवं. पानाच्या पाठीवरच्या तपकिरी ठिपक्यांचा फोटो तुम्ही छापलाय. त्याखाली लिहा : 'रांगेत, सारख्या अंतरावर बसलेले हे ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंजके. खवले कीड अशी शिस्तीत बसत नाही, देठावरही पसरते. फवारणीआधी पान उलटून पाहा.' आणि शेजारी खवले किडीचा फोटो द्या, तेवढ्याच आकाराचा.