तालमीतनं एमएमएत (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या लढतीत) जायचंय म्हणतीस, तर हे बघ

अगं जा की, पण आधी एक सवय मोड, चितपट होऊ नये म्हणून आपण पटकन पोटावर वळतो ना, तिथं अशी पाठ दिलीस की मागनं गळा आवळलाच म्हणून समज. पट काढताना मान खाली घातलीस तर गिलोटिन, म्हणजे पुढनं मान काखेत धरून गळा आवळणार. रितू फोगाट केवढी तगडी पैलवान, तरी २०२१ ला वन चॅम्पियनशिपच्या एमएमए ग्रां प्री फायनलला थायलंडच्या स्टॅम्पनं आर्मबारवर (हात कोपरात उलटा ताणायचा डाव) टॅप करायला, म्हणजे हार मानायला लावलं. २०२४ ला यूएफसीत (अमेरिकेतली मोठी एमएमए स्पर्धा) जिंकलेली पूजा तोमर मूळची वुशूवाली (ठोसे-लाथांचा चिनी खेळ), म्हणजे हात-पाय चालवणं आलंच पायजे. कोल्हापुरात कुस्ती भरपूर मिळंल गं, पण बॉक्सिंग आणि जुजुत्सूला (जमिनीवर गळा-हात आवळायचे डाव) कोच शोध, आणि प्रो व्हायची घाई नको, आधी अमॅच्युअर फाइट्स खेळ. वजनगटात बसायला वजन उतरवायचं म्हणून पाणी बंद करायचं खूळ तर स्वतःच्या मनानं अजिबात नको.