राउटर बंद-चालू केला की चालतं, दुसऱ्या दिवशी परत तेच

प्रश्न: दादा, नाशिकला गंगापूर रोडला माझी अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची चाळीसेक पोरं-पोरी बसतात. सकाळी ६ला येणाऱ्यांचं वायफाय मस्त चालतं, पण ११ नंतर जो येतो त्याचं कनेक्टच होत नाही, नुसतं गोल फिरत बसतं. आणि सकाळपासून बसलेल्यांचं त्याच वेळी व्यवस्थित चालू असतं! राउटर बंद-चालू केला की त्या दिवसापुरतं भागतं. नेटवाला म्हणतो प्लॅन वाढवा. एकाच्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला, त्याचा काही संबंध?

उत्तर: ताई, प्लॅनचे पैसे आधी वाचवा. त्या नंबरातच निम्मं उत्तर आहे. वायफायला जोडलं की प्रत्येक मोबाइल-लॅपटॉप राउटरकडे आयपी, म्हणजे नेटवर्कमधला आपला पत्ता, मागतो, ते वाटायचं काम राउटरमधलं डीएचसीपी करतं. राउटरने उत्तरच दिलं नाही तर विंडोज आपल्या मनाने १६९.२५४ वाला आयपी लावून घेतं, म्हणजे होस्टेलला रूम मिळाली नाही म्हणून जिन्यात सतरंजी टाकून झोपल्यासारखं, झोप झाली पण मेसचा डबा काय मिळत नाही.

आता राउटर आयपी का देत नाही? माझा अंदाज, संपलेत. चाळीस जण, प्रत्येकाचा मोबाइल आणि लॅपटॉप, झाले ऐंशी, आणि सकाळची बॅच घरी गेली तरी त्यांच्या नावावरचे आयपी अडकलेलेच असतात, लीज, म्हणजे आयपी एकाच्या नावावर राखून ठेवायची मुदत, २४ तासांची असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत. रीस्टार्टने बऱ्याच राउटरची ही आयपी वाटपाची वही कोरी होते, म्हणून तुमचं भागतं.

पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, तपासा. उद्या ११ला राउटरला हात न लावता चालणारा एक आणि न चालणारा एक लॅपटॉप शेजारी ठेवा. सीएमडी, म्हणजे विंडोजची आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) द्या. चालणाऱ्यावर डिफॉल्ट गेटवे दिसेल, बहुतेक १९२.१६८.१.१, तोच राउटर, त्याला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे तो आकडा टाका आणि उत्तर येतं का बघा. मग ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, मग एखाद्या साइटच्या नावाला. आपल्यापासून बाहेर एकेक पायरी जायचं, उत्तर जिथे थांबलं तिथे गडबड. गेटवे बोलत नाही तर घरातलं दुखणं, गेटवे बोलतो पण ८.८.८.८ नाही तर बहुतेक बाहेरची लाइन, आकडा बोलतो पण नाव नाही तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आकडा शोधून देणारी सोय. तुमचा दुसरा लॅपटॉप पहिल्या पायरीलाच अडकलाय, त्यामुळे यावेळी नेटवाला निर्दोष, बिचारा.

उपाय फुकटातला. ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकून राउटरचं पान उघडा, डीएचसीपीत जा. सुरुवात १०० आणि शेवट १४९ असं असेल तर फक्त ५० आयपी आहेत. २० ते २५० करा, लीज २ तासांवर आणा. प्रिंटरला फिक्स आयपी दिला असेल तर तो या रेंजच्या बाहेर ठेवा. आणि कोणी हुशार पोरगा हाताने आयपी टाकून चालवत असेल तर त्याला आवरा, तोच आयपी राउटरने दुसऱ्याला दिला की दोघंही लटकतात. एवढं करूनही स्लो वाटलं तर मग घरगुती राउटरला ऐंशी मोबाइल-लॅपटॉप झेपत नाहीयेत, एक चांगला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा वेगळा डबा, घ्या.

प्रश्न: सातपूरला आमचं छोटं वर्कशॉप आहे, फायबरच्या डब्यावर लाल लाइट लुकलुकतोय, रीस्टार्ट करून थकलो.

उत्तर: लाइटपाशी एलओएस लिहिलंय ना? म्हणजे बाहेरून प्रकाशच पोचत नाहीये, रीस्टार्टचा काही उपयोग नाही. कपाट सरकवताना पिवळी वायर दुमडली का बघा, आत काच असते. टोक काढून डोळ्याला लावू नका, लेझर दिसत नाही पण असतो. आणि तक्रार करताना "नेट चालत नाही" म्हणू नका, "एलओएस लाल आहे" सांगा, नाहीतर परत रीस्टार्टच करायला लावतील.