गाठ नव्हती, तरी कॅन्सर कसा?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. आम्ही चिपळूणच्या. माझी ताई ५८ वर्षांची आहे. दिवाळीच्या सुमारास तिला डावा स्तन वरच्या बाजूला दडस लागायला लागला. ब्लाउजही त्या बाजूने सैल व्हायला लागला. पण गाठ म्हणावी असं हाताला काही लागत नव्हतं. मॅमोग्राफी केली, रिपोर्ट नॉर्मल. पुढे स्तनाग्र आत ओढलं गेलं, तेव्हा सोनोग्राफी आणि बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये 'इन्व्हेसिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह' असं आहे. शेजारच्या काकूंना डक्टल कॅन्सर होता, त्यांना आधी केमो दिली होती. ताईला मात्र एमआरआय, मग ऑपरेशन आणि नंतर बहुतेक गोळ्या, असं सांगितलंय. भावोजींना वाटतंय, आपल्या बाबतीत काहीतरी कमी करतायत. हा प्रकार जास्त वाईट असतो का? आणि मॅमोग्राफीत तो दिसला कसा नाही?

उत्तर : भावोजींना आधी सांगा, कोणी काही कमी करत नाहीये. तुम्ही लिहिलेला क्रम या आजाराला धरूनच आहे. काकूंचा आणि ताईंचा आजार एकाच अवयवात झाला, म्हणून तो एकच होत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट, माझी सगळी नोकरी मायक्रोस्कोपपुढे बायोप्सीचे तुकडे तपासण्यात गेली, तेव्हा तिथलंच सांगते. डक्टल, म्हणजे दूधनलिकांच्या प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी एकमेकींना चिकटून घोळके करतात, त्यांच्याभोवती घट्ट ऊती तयार होते आणि गाठ हाताला लागते. लोब्युलरमध्ये, म्हणजे दूधग्रंथींच्या प्रकारात, पेशींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बहुतेक वेळा नाहीसं झालेलं असतं. सुटलेल्या पेशी मग मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक, स्तनाच्या मूळ ऊतीतून वाट काढत जातात. शंका असली की आम्ही त्या प्रथिनाचं खास स्टेनिंग करतो, म्हणजे ते जिथे असेल तिथे रंग चढवतो. स्लाइडवर शेजारच्या निरोगी नलिकांच्या पेशींना तपकिरी कडा उमटतात आणि मधून गेलेली कॅन्सरच्या पेशींची रांग कोरीच राहते. इतकी वर्षं पाहूनही त्या कोऱ्या रांगेवर माझी नजर थांबते.

ताईंच्या बाबतीत जे जे विचित्र वाटलं, ते सगळं या एका गोष्टीतून येतं. पेशी पसरतात पण गोळा होत नाहीत, म्हणून गाठ नाही, नुसता दडसपणा. त्या वाटेतली ऊती आवळत नेतात, म्हणून स्तन लहान दिसतो आणि स्तनाग्र आत ओढलं जातं. मॅमोग्राफी मुख्यतः दोन गोष्टी पकडते, दाट गाठ आणि कॅल्शियमचे बारीक कण. लोब्युलरमध्ये पुष्कळदा यातलं काहीच नसतं, ऊतीची ठेवण जराशी विस्कटलेली असते, एवढंच. त्यामुळे फिल्म पाहणाऱ्याने हयगय केली असेल असं मी म्हणणार नाही. पण स्तन बदललाय असं बाई स्वतः सांगत असेल, तर नॉर्मल मॅमोग्राफीवर थांबू नये, सोनोग्राफी करावीच, हे मात्र ठासून सांगते. 'गाठ आहे का?' एवढंच विचारायची आपल्याकडे सवय झाली आहे, आणि या प्रकारात तो प्रश्नच अपुरा पडतो.

एमआरआयही याचसाठी. पसरण्याचा खरा आवाका बाकीच्या तपासण्यांत कमी दिसतो. ऑपरेशननंतर कडेला पेशी उरल्याचं कळून पुन्हा टेबलावर जावं लागणं या प्रकारात जास्त घडतं. शिवाय एकाच स्तनात दोन-तीन ठिकाणी किंवा दुसऱ्या बाजूलाही असण्याची शक्यता थोडी अधिक असते. एमआरआयनंतरही स्तन वाचवून ऑपरेशन करता येईल असं सर्जन म्हणाले, तर घाबरू नका. कडा मोकळ्या मिळाल्या आणि नंतर रेडिएशन दिलं, तर तोही योग्यच उपचार आहे. 'सगळ्यात भारी तपासणी' म्हणून पेट स्कॅनचा आग्रह मात्र धरू नका. त्यात शिरेतून दिलेली खुणेची साखर कॅन्सरच्या पेशी शोषतात, ते पाहतात; लोब्युलरच्या पेशी ती साखर कमी घेतात, म्हणून तो स्कॅन कधी कधी खोटा दिलासा देतो.

आता गोळ्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शंभरात साधारण १० ते १५ लोब्युलर असतात. आपल्याकडच्या नोंदींत हे प्रमाण आणखी कमी दिसतं, म्हणून शेजारीपाजारी कोणी हे नाव ऐकलेलं नसतं. यातले बहुतेक ईआर पॉझिटिव्ह असतात, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारे (पीआर ही तशीच प्रोजेस्टेरॉनची खूण, आणि हर-टू हे पेशींची वाढ ढकलणारं प्रथिन). पेशी सावकाश विभागतात आणि केमो झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर चालते, त्यामुळे इथे तिचा उपयोग बेताचा होतो. काखेतल्या किती लसीका ग्रंथींत कॅन्सर पोचलाय, आकार केवढा, ग्रेड काय (म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात), यावरून काहींना केमो द्यावीही लागते. ते ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरेल. पाळी गेलेल्या बाईला बहुधा इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोलसारखी गोळी देतात, निदान ५ वर्षं. सांधे धरतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. सांधे दुखतात म्हणून परस्पर गोळी सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नका, डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. ही 'नुसती गोळी' नाही, हाच इथला मुख्य उपचार.

जास्त वाईट का, याला एका शब्दात उत्तर नाही. सुरुवातीची वर्षं बहुधा बरी जातात, पण हा आजार उशिराही डोकं वर काढू शकतो, कधी १० वर्षांनंतरही. आणि नेहमीच्या हाडांखेरीज जठर, आतडी, पोटातलं आवरण, अंडाशय अशा ठिकाणी. पुढे कधी भूक मंदावली, पोट सतत फुगलेलं राहिलं, तर गॅसच्या गोळ्यांवर महिने काढू नका. एंडोस्कोपी झालीच, तर स्तनाच्या जुन्या कॅन्सरचा प्रकार फॉर्मवर लिहायला लावा. जठरात पोचलेला लोब्युलर मायक्रोस्कोपखाली जठराच्याच एका कॅन्सरसारखा दिसतो. दोघांचे उपचार निराळे, आणि आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर 'पूर्वेतिहास' हा रकाना निम्म्या वेळा कोरा!

परळला टाटात दुसरं मत घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या. जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही सख्खी बहीण, म्हणून सांगते. तुमचीही नियमित तपासणी आता सुरू व्हायला हवी. ई-कॅडहेरिनच्या सीडीएच१ या जनुकातला दोष बहुतेक रुग्णांत फक्त ट्यूमरमध्ये असतो, वारशाने आलेला नसतो. पण घराण्यात कोणाला कमी वयात जठराचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात हा दोष १९९८ साली सापडला, तो जठराच्या कॅन्सरचा माग काढतानाच.

प्रश्न : वय ४६, नाशिक. साध्या गाठीच्या बायोप्सीत 'लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू' आलं. स्तन काढावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. 'इन सिटू' म्हणजे बदललेल्या पेशी दूधग्रंथींच्या आतच आहेत, बाहेर पसरलेल्या नाहीत. हे नाव न्यूयॉर्कच्या फूट आणि स्ट्यूअर्ट या पॅथॉलॉजिस्टांनी १९४१ साली दिलं, आणि त्यातल्या 'कार्सिनोमा'पायी पुढे कित्येक बायकांचे स्तन काढले गेले. २०१८ पासून लागू झालेल्या अमेरिकी स्टेजिंगच्या (कॅन्सरची पायरी ठरवण्याच्या नियमांच्या) आठव्या आवृत्तीत त्याला कॅन्सरमध्ये धरत नाहीत. पुढे कॅन्सर होण्याची शक्यता वाढलेली असते, तीही दोन्ही बाजूंना, म्हणून दरवर्षी तपासणी करायची आणि इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारी टॅमॉक्सिफेन ही गोळी घ्यावी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. मात्र रिपोर्टवर 'क्लासिक' (नेहमीच्या लहान, एकसारख्या पेशींचा) आहे की 'प्लिओमॉर्फिक' (मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींचा) ते पाहा. प्लिओमॉर्फिक असेल तर तेवढा भाग सहसा काढून टाकतात. लिहिलेलं नसेल तर लॅबला फोन करून विचारा.