स्तोत्रसंहितेत सापडलेली गोळ्यांची पट्टी

प्रश्न : सिस्टर, ख्रिस्तात सप्रेम सलाम. पाच महिन्यांपूर्वी ह्यांची बायपास झाली. ऑपरेशन चांगलं झालं. आमच्या चर्चच्या मंडळीने आळीपाळीने साखळी प्रार्थना केली, माझ्या दिरांनी तर उपास धरला होता. घरी आल्यावर दोन महिने सगळं नीट होतं. मग हे गप्प गप्प राहू लागले. फिरायला चला म्हटलं की ‘उद्या’. दीर दर रविवारी येऊन सांगतात, ‘दादा, मी पूर्ण बरा झालोय असं तोंडाने बोल. गोळी घेतोस म्हणजे मनात शंका आहे.’ गेल्या आठवड्यात पवित्र शास्त्र (बायबल) पुसायला घेतलं तर १०३व्या स्तोत्राच्या पानात गोळ्यांची पट्टी निघाली. अकरा गोळ्या शिल्लक. खरं तर त्या संपायला हव्या होत्या. मी काही बोलले नाही, पट्टी होती तिथेच ठेवली. श्रद्धेने, घरच्यांच्या मायेने, चांगल्या विचारांनी तब्येत सुधारते हे खरं, की ती आपण घातलेली स्वतःची समजूत? आणि ह्यांच्याशी बोलू कशी?

उत्तर : ताई, सलाम. आरडाओरडा न करता पट्टी जागेवर ठेवलीत, चांगलं केलंत. पण तेवढ्यावर थांबू नका. हे वाचून झालं की पहिला फोन तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना. कोणती गोळी, किती दिवस चुकली, स्पष्ट सांगा. बायपासमध्ये जोडलेल्या नव्या रक्तवाहिन्याही तुंबतात. रक्ताची गुठळी होऊ न देणारी आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणारी गोळी असते ती त्यासाठीच. आणि हो, चुकलेल्या गोळ्या एकदम देऊन भरपाई करायची नाही. वॉर्डात एकतीस वर्षं काढली, तसं करणारी प्रेमळ माणसं पाहिली आहेत, म्हणून सांगते.

आता तुमचा मोठा प्रश्न. खरं आहे, ताई. नुसती समजूत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास मी कात्रण करून ठेवलाय, कारण त्यातल्या ७४,५३४ बायका आमच्याच पेशातल्या, परिचारिका होत्या. बहुतेक जणी कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट. सोळा वर्षांच्या नोंदींत दिसलं ते असं : आठवड्यातून एकाहून जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं. हे कशामुळे, याचाही हिशेब संशोधकांनी मांडला. फरकाचा जवळजवळ पाव हिस्सा माणसांच्या आधाराचा निघाला. साधारण तेवढाच सिगारेट न ओढण्याचा. आशावादी स्वभावाचा वाटा मात्र दहाव्या हिश्शाहूनही कमी. आता, उपासनेला नेमाने जाणारी बाई मुळातच जरा धडधाकट असेल, ही शंका अशा अभ्यासातून पुरती काही निघत नाही. पण आकड्यांचा कल मला माझ्या अनुभवाशी जुळणारा वाटतो. ‘मी बरा आहे’ असं तोंडाने घोकण्यापेक्षा, रविवारी तुम्ही दिसला नाहीत म्हणून सोमवारी दार वाजवणारं माणूस जास्त कामाला येतं.

दुसरा अभ्यास दिरांना दाखवण्याजोगा आहे, पण जरा जपून दाखवा. तो बायपासच्याच रुग्णांवर झाला. १,८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं, निष्कर्ष २००६ साली आले. अनोळखी ख्रिस्ती प्रार्थना-गटांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर द्यायचं, आणि त्यांनी चौदा दिवस प्रार्थना करायची. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली. पण ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार’ असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण निघालं ५९ टक्के!

प्रार्थनेने अपाय होतो, असं मी यावरून म्हणणार नाही. मी स्वतः रोज करते, आणि देवाला टक्केवारीत पकडता येईल असं मला वाटत नाही. मला त्यात दिसतो तो पलंगावरचा माणूस. ‘एवढी माणसं माझ्यासाठी देवाला साकडं घालताहेत, म्हणजे माझं काही खरं नाही. आणि आता बरा झालो नाही तर?’ हा अंदाजच आहे, पण तो संशोधकांनाही सुचला होता. तुमचे यजमान घरबसल्या तीच परीक्षा देताहेत, आणि पर्यवेक्षक दर रविवारी हजर!

गोळी म्हणजे शंका, हे कुठल्या अध्यायात आहे? प्रेषित पौलाच्या सोबत लूक होता, त्याला तो प्रिय वैद्य म्हणतो. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य वारंवार आजारी पडायचा. त्याला पौल पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, विश्वास वाढवायला सांगत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनवलं आणि काटा राहिला तो राहिलाच. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणणारा पाळक मला अजून भेटायचाय.

दिरांवर मात्र तुटून पडू नका. त्यांनी उपास धरला ती माया खोटी नाही, तिला फक्त काम नाही. काम द्या. रोज संध्याकाळी दादाला फिरायला नेण्याची जबाबदारी त्यांची. चालता चालता प्रार्थना करा म्हणावं, हवी तर मोठ्याने. आणि तुमचं-त्यांचं जे काही वाजायचं ते ह्यांच्यासमोर नको. २००५ सालचा एक प्रयोग आहे : ४२ जोडप्यांच्या हातावर मुद्दाम बारीक फोड आणून ते भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. ज्या नवरा-बायकोंच्या बोलण्यात सतत कडवटपणा होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या ६० टक्केच होता. कातडीला घरातलं बोलणं ऐकू येतं म्हणायचं!

राहिला ह्यांचा तो ‘उद्या’. मला गोळ्यांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. हृदयविकाराच्या पाचातल्या साधारण एकाला नैराश्य गाठतं. माणूस रडत नाही, फक्त उठत नाही. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा हे आधी सांगा, त्याला उपचार आहेत. ‘जगून काय करायचंय’ असा सूर निघाला तर त्याच दिवशी दाखवा, रविवारची वाट पाहू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. उठवून खाऊ-पिऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं.

आणि बोलायचं कसं? पट्टी ‘सापडली’ म्हणून पुरावा समोर टाकू नका. रात्री तेच स्तोत्र उघडून शेजारी बसा. तिसऱ्या वचनात तो सर्व रोग बरे करतो असं आहे, ह्यांनी तिथे खूण घातली. तुम्ही मोठ्याने पुढे वाचत चला, चौदाव्यापर्यंत. तिथे आहे की आपण माती आहोत हे तो जाणून आहे. मग पट्टीतली एक गोळी काढायची आणि पाण्याचा पेला हातात द्यायचा. त्या वेळी तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. (फोनवर डॉक्टरांनी त्याच गोळीला होकार दिला असेल तरच, हे वेगळं सांगायला नको.)

प्रश्न : मला स्तनाच्या कर्करोगाची केमो चालू आहे. सगळे सांगतात, पॉझिटिव्ह राहा, प्रभूवर भार टाका, रडू नका. रात्री मात्र रडू येतं. त्याने आजार वाढेल का, ही भीती वाटते आणि मग आणखी रडू येतं.

उत्तर : नाही वाढणार. रडा.

डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली आला. मनाची अवस्था चांगली की वाईट, यावरून कोण किती जगेल हे काही सांगता आलं नाही. याच्या उलट म्हणून धर्मभगिनींचा अभ्यास सांगितला जातो, तोही खरा आहे. १८० कॅथलिक धर्मभगिनींनी तरुणपणी, सरासरी बाविसाव्या वर्षी, लिहिलेली आत्मवृत्तं तपासली. ज्यांच्या लिहिण्यात आनंद, कृतज्ञता जास्त होती त्या जास्त जगल्या. पण ते बाविसाव्या वर्षी आपसूक कागदावर उतरलेलं होतं. सलाइन लावलेल्या बाईला कोणी ‘हसा’ म्हणून फर्मावलेलं नव्हतं.

मी हे पलंगाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. नऊ वर्षांपूर्वी मलाही तोच आजार झाला. एक गृहस्थ भेटायला आले, नाव नको, आणि जाताना म्हणाले, ‘कुठेतरी विश्वासात खोट राहिली असेल, शोधा.’ मी तीन रात्री शोधली. आजारी माणसाला देवाने टाकलंय असं वाटू लागलं की त्याची तब्येत खालावू शकते. सुमारे सहाशे वयस्कर रुग्णांच्या २००१ सालच्या अभ्यासात तर असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूही जास्त आढळले. त्या गृहस्थांना हे ठाऊक नव्हतं, मला तेव्हा ठाऊक असूनही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा. केमोने माझी बोटं बधिर झाली होती, गाऊनची बटणं लागत नसत. एकटीने करायला गेले तर पाच बटणांना पंधरा मिनिटं, आणि शेवटी कळायचं की वरचं एक काज सुटलंय. त्या दर गुरुवारी यायच्या, बटणं लावून द्यायच्या आणि बसायच्या. एकदा मला रडू फुटलं तर म्हणाल्या, ‘लाजराच्या कबरेशी येशू रडला. त्याला तर पाच मिनिटांत लाजर जिवंत होणार हे माहीत होतं.’ पुढच्या गुरुवारी त्यांनी सगळी बटणं उसवून चिकटपट्टी शिवून आणली.

तुमच्याकडे अशी कोणी असेल तर तिला रात्रीचं सांगा. सलग दोन आठवडे झोप लागली नाही, तर कर्करोगतज्ज्ञांनाही सांगा, त्यावरही उपाय असतात.

प्रश्न : रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली की माझं धडधडणं कमी होतं. रक्तदाबाची गोळी चालू आहे. हा मनाचा खेळ आहे का?

उत्तर : मनाचा आणि श्वासाचा. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली २३ जणांवर पाहिलं : ‘नमो मरिये’ ही रोझरीतली प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली येतो, आणि त्या लयीत रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. त्यांना ओमसारख्या मंत्राच्या जपातही तेच दिसलं, त्यामुळे आपण फार मिरवू नये. गोळी चालू ठेवा. माळ सावकाश म्हणा, कामं उरकायची असल्यासारखी नको. आणि एखादा मणी सुटला तर पहिल्यापासून सुरुवात करू नका.