रीस्टार्टला आतली लेन की बाहेरची?

यावेळी आलेले प्रश्न नॅसकार कप या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेतल्या रीस्टार्टबद्दलचे आहेत. पिवळा (सावधानतेचा) झेंडा पडून गाड्या पेस कारमागे, म्हणजे पुढे राहून वेग बांधून देणाऱ्या गाडीमागे, गोळा होतात आणि पुन्हा दोन-दोनच्या रांगांनी सुटतात, तोच रीस्टार्ट.

मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर चौथ्या स्थानावरची गाडी थेट पहिल्या रांगेत कशी आली?

'चूज' नियमामुळे. 2020 पर्यंत लेन निवडायची मुभा फक्त पहिल्याला होती, बाकीचे स्थानाप्रमाणे उभे राहायचे. आता ट्रॅकवर रंगवलेल्या 'व्ही'पाशी आल्यावर प्रत्येक जण स्थानाच्या क्रमाने डावीकडून (आतली लेन) किंवा उजवीकडून (बाहेरची) जातो आणि त्या लेनमधली पुढची मोकळी जागा त्याची होते. 'व्ही'वरून चाक गेलं, तर थेट शेपटाला.

आता हिशोब मांडा. मार्टिन्सव्हिल 0.526 मैलाचं, वळणं घट्ट आणि जेमतेम 12 अंश कललेली. आतली गाडी कमी अंतर कापते आणि बाहेरच्याला सहज वर, भिंतीकडे ढकलते. म्हणून पहिले तिघेही आत गेले. चौथा आत गेला तर चौथ्या रांगेत, बाहेर गेला तर पहिल्या रांगेत नेत्याच्या शेजारी. तीन रांगांचा फायदा. धोका एवढाच, की आतल्या गाड्या बंपरला बंपर लावून निघाल्या तर खाली, म्हणजे आतल्या लेनमध्ये, घुसायला फट मिळत नाही आणि दोन लॅपमध्ये (फेऱ्यांत) पाच-सहा जण खालून निघून जातात. आमचं मत विचाराल तर इथे एका रांगेसाठी बाहेर जाऊ नये, दोन रांगांसाठी विचार करावा, तीन मिळत असतील तर जावं.

आणखी एक गोष्ट पाहायची: लेनच्या तोंडाशी कोण आहे. दोनच टायर बदलून, किंवा पिटला (टायर-इंधनाच्या थांब्याला) न येताच पुढे आलेला ड्रायव्हर तिथे असेल, तर त्याची चाकं जागेवरच फिरतात आणि अख्खी लेन तुंबते. अशाच्या मागे लागण्यापेक्षा एक रांग सोडलेली परवडते.

मग दीड मैलाच्या ट्रॅकवर नेते बाहेरची लेन का घेतात?

तिथे वेग जास्त, त्यामुळे हवेचा खेळ मोठा. बाहेरच्या गाडीची वळणाची त्रिज्या मोठी, तिला गॅस कमी सोडावा लागतो, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय कमी उचलावा लागतो. शिवाय ती आतल्या गाडीच्या उजव्या मागच्या कोपऱ्याला चिकटून राहिली, की आतल्याच्या स्पॉयलरवरची (गाडीला खाली दाबणाऱ्या मागच्या पट्टीवरची) हवा बिघडते, मागचा भाग हलका होतो आणि गाडी घसरायला लागते. आतल्याला गॅस सोडावाच लागतो. फक्त बाहेर रबराचे कण साचले असतील, तर गणित उलटतं.

नेता हवा तेव्हा सुटू शकतो का? दुसऱ्याने त्याच्या आधी रेषा ओलांडली तर?

हवा तेव्हा नाही. स्टार्ट-फिनिश रेषेच्या अलीकडे रीस्टार्ट झोनच्या दोन खुणा असतात. त्यांच्या मध्येच नेत्याने गॅस द्यायचा. दुसरी खूण येईपर्यंत तो सुटला नाही, तर झेंडेवाला हिरवा दाखवतो. झोनआधी सुटलं तर पिट रोडमधून जाण्याची शिक्षा.

रेषा आधी ओलांडण्याचा वाद सप्टेंबर 2013 मध्ये रिचमंडच्या शर्यतीत पेटला. शेवटच्या रीस्टार्टला पॉल मेनार्ड पुढे होता, पण कार्ल एडवर्ड्स त्याच्याआधी रेषेवर पोचला आणि जिंकला. लगेच नियम बदलला: नेता झोनमध्ये सुटल्यानंतर दुसऱ्याने आधी रेषा गाठली तरी चालतं. लेन मात्र रेषेआधी बदलता येत नाही.

नेत्याचं खरं भांडवल म्हणजे सुटायची वेळ फक्त त्यालाच माहीत असते. दर वेळी पहिल्या खुणेवरच सुटणारा ते फुकट घालवतो, कारण मागचा अर्धी गाडी अंतर ठेवून, वेळ साधून धावत येतो. दुसरी चूक पायाची. टायर थंड, इंजिन सहा-सातशे अश्वशक्तीचं आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) नाही. पेडल एकदम दाबलं की मागची चाकं जागेवर फिरतात आणि शेजारचा गाडीभर पुढे जातो. पेस कारमागे गाड्या नागमोडी जातात त्या चाकांना चिकटलेलं रबर झाडायला. टायर गरम करायला गॅस चालू ठेवून ब्रेक हलका दाबतात.

फिनिक्सच्या ट्रॅकवर हिरवा पडताच गाड्या पंख्यासारख्या पसरतात, ते नियमात बसतं?

बसतं. 2018 च्या नूतनीकरणात स्टार्ट-फिनिश रेषा हलवली. आता ट्रॅकचा वाकडा भाग रेषेच्या लगेच पुढे येतो आणि रेषा ओलांडली की लेनचं बंधन संपतं. मग सगळे डावीकडे सपाट भागावर उतरून तो वाकडा भाग सरळ कापतात. आतल्याला जवळची वाट मिळते, पण तो पहिल्या वळणात तिरका शिरतो. ब्रेक उशिरा लागला की घसरत वर जातो आणि बाहेरच्यालाही सोबत नेतो.

लकी डॉग आणि वेव्ह अराउंड एकच का?

नाही. एक किंवा अधिक लॅप मागे असलेल्यांतल्या सर्वांत पुढच्या गाडीला पिवळ्या झेंड्यात एक लॅप परत मिळतो, तो लकी डॉग. ही सवलत 2003 पासून आहे. वेव्ह अराउंड पिटला न जाता नेत्याच्या पुढे उभ्या राहिलेल्या, लॅप मागच्या गाड्यांसाठी: त्या पेस कारच्या पुढून फेरी मारून शेपटाला येतात आणि एक लॅप भरून काढतात. तो घेतला की हिरवा पडेपर्यंत पिटला जाता येत नाही, म्हणजे जुन्या टायरवर शेपटाला उभं राहायचं. टायर फार झिजवणाऱ्या ट्रॅकवर हा सौदा अंगाशी येतो.