ज्यांना कधी भेटलो नाही, त्यांच्यासाठी रडू येतं तेव्हा

"ज्या माणसाला मी आयुष्यात एकदाही भेटलो नाही, त्याच्यासाठी मी लोकलच्या दारात उभा राहून रडतोय. आणि स्वतःचे वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत डोळ्यांत पाणी नव्हतं. मॅडम, मी कसला माणूस आहे?"

मी समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे येत असतो. लता मंगेशकर गेल्या तेव्हा आला, तबलावादक झाकीर हुसेन गेले तेव्हाही आला. विचारणारा बहुतेक वेळा आधी "हसू नका हं" म्हणतो. वरच्या शब्दांत तो विचारणारे गृहस्थ बरीच वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीचे बातमीदार होते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माहीमला वाढलेला मुलगा, आता डोंबिवलीत घर. बातम्यांचं नेमून दिलेलं क्षेत्र, म्हणजे बीट, क्राइमचं, जोडीला महापालिका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ते नवखे होते. पुढच्या वर्षी 11 जुलैला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये सात स्फोट झाले, मग 26/11. केईएम, सायन, जेजे या रुग्णालयांची शवागारं कुठल्या बाजूला आहेत हे त्यांना अजून पाठ आहे. मग एके वर्षी वाहिनीने माणसं कमी केली, त्यात यांचं नाव होतं. आता ते एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात आहेत. पगार वेळेवर होतो, रविवार सुट्टीचा असतो, मुलीच्या शाळेच्या सभेला जाता येतं. घरच्यांच्या मते सगळं छान चाललं होतं.

15 डिसेंबर 2024, रविवार. रात्री जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला : झाकीरभाई गेले, कन्फर्म आहे का? यांचा हात आपोआप फोनकडे गेला. एव्हाना बातमी सगळीकडे सुटली होती. मग कुटुंबीयांकडून कळलं की ते अजून आहेत, प्रार्थना करा. हे रात्रभर जागे राहून जुन्या लोकांना सांगत होते, थांबा, बातमी चालवू नका. सोमवारी सकाळी कुटुंबाचं निवेदन आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात, फुप्फुसाच्या आजाराने, वयाच्या 73 व्या वर्षी निधन.

"कन्फर्म झालं," ते मला म्हणाले, "आणि ती बातमी द्यायला माझ्याकडे डेस्कच नव्हता. इतकी वर्षं अशा वेळी मी पुढच्या पाच मिनिटांत फोनो, म्हणजे फोनवरून थेट बातमी, देत असायचो. त्या दिवशी फोन खिशात ठेवला आणि डोंबिवली स्टेशनवर उभा राहिलो. तेव्हा जे सुरू झालं ते थांबेना."

आठवडा झाला, पंधरवडा झाला. घरच्यांनी, मित्रांनी आपापलं निदान केलं. मेव्हण्याचं म्हणणं, "अरे, तू नोकरी गेल्याचं रडतोयस." मित्र म्हणाला, "वडिलांचं राहिलेलं रडू आहे हे." माझ्याकडे आले तेव्हा ही दोन्ही उत्तरं ते स्वतःच घेऊन आले होते आणि मी त्यांतलं कुठलं बरोबर ते सांगावं अशी त्यांची अपेक्षा होती.

मला ही घाई आवडत नाही. आमच्या व्यवसायातही ती पुष्कळ चालते. कलाकारासाठी कुणी रडलं की 'खरं' दुःख कुठे दडलंय ते शोधायला सगळे धावतात. म्हणजे झाकीर हुसेन हे दुःखाला पुरेसं कारण नाही, असं आपण त्या माणसाला न बोलता सांगतो. आधीच शरमलेला माणूस आणखी शरमतो. नोकरीचं दुःख होतंच, वडिलांचंही होतं. पण तबल्याचं दुःख तबल्याचंच होतं, आणि त्याचा वाटा त्याला आधी मिळायला हवा होता.

म्हणून मी त्यांना वडिलांबद्दल विचारलं नाही. विचारलं, तुम्ही त्यांना पहिल्यांदा कधी ऐकलंत?

आधी टीव्हीवर. ताजमहालसमोर बसून वाजवणारा तो कुरळ्या केसांचा तरुण, चहाची जाहिरात. नव्वदच्या दशकात घरोघरी पोरं पाटावर, वहीवर, जेवणाच्या ताटावर बोटं आपटत होती, त्यांतले हे एक. मग आजोबा म्हणाले, हा आपल्या माहीमचा, अल्लारखांचा मुलगा. तेव्हापासून तो घरचा झाला. दादरला एका क्लासमध्ये दोन वर्षं तबला शिकून झाला, दहावीला सुटला, कान मात्र राहिला. रात्रपाळी संपवून वाहिनीच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनमध्ये परतताना ते इअरफोनवर तबलाच ऐकायचे. दिवसभर जे पाहिलं असेल ते तेवढा वेळ बाजूला व्हायचं. "मॅडम, पोस्टमॉर्टेमच्या बाहेर उभं राहून आल्यावर मला शब्द नको असायचे. गाणंही नको. फक्त तबल्याचे बोल."

आणि मग एक गोष्ट, जी सांगायला त्यांना फार वेळ लागला. एकदा फार मिनतवारीने सुट्टी मिळवून ते झाकीरभाईंच्या मैफलीला बसले. एकल वादन. पेशकार, म्हणजे एकल वादनाची संथ सुरुवात, नुकता उलगडू लागला होता, आणि बातमीदारांना कामावर धाडणाऱ्या असाइनमेंट डेस्कचा फोन आला : आग लागली आहे, तू जवळ आहेस, निघ. निघाले. पुढच्या कायदा, रेला, चक्रदार या रचना, काही ऐकलं नाही. पुन्हा कधीतरी ऐकू, असं म्हटलं. दर 3 फेब्रुवारीला षण्मुखानंद सभागृहात उस्ताद अल्लारखांच्या स्मरणार्थ पहाटेपासून कार्यक्रम व्हायचा. दरवर्षी जायचं ठरायचं, दरवर्षी शिफ्ट असायची.

हे सांगताना ते जे रडले, त्यात नोकरी, वडील असं काही वेगळं काढायला गेलं तर निघालं नसतं. एका श्रोत्याचं अर्धवट राहिलेलं ऐकणं होतं ते.

आता त्या शरमेविषयी. ते म्हणाले, "6 फेब्रुवारी 2022 ला मी शिवाजी पार्कला होतो. लतादीदींच्या अंत्यदर्शनाला आलेल्या लोकांसमोर बूम माइक धरत होतो. एक बाई हुंदके देत होत्या. मी विचारलं, तुमचं दीदींशी काय नातं होतं? त्या गप्पच झाल्या. आज तोच प्रश्न मला कुणी विचारला तर?"

मी त्यांना उलट विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं टीव्हीवर दिसत होतात. तुमच्या ओळखीचं नसलेलं कुणी कधी बोललंय तुमच्याशी?" ते थोडं थांबले. मग त्यांना आठवल्या डोंबिवलीच्या भाजीबाजारातल्या एक आजी. नोकरी गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी यांना अडवलं होतं. "अहो, तुम्ही हल्ली दिसत नाही. बरे आहात ना? पावसात उभे राहायचात, मला काळजी वाटायची." त्या आजींना यांचं पूर्ण नावही ठाऊक नव्हतं.

"त्या आजींची काळजी खोटी होती का?" मी विचारलं.

"नाही. घरी येऊन मी बायकोला सांगितलं होतं. बरं वाटलं होतं."

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच लिहून ठेवलं आहे की पडद्यावरच्या, रेडिओवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी पण जिव्हाळ्याचं नातं जुळतं. समोरच्याला ते माहीत नसतं. हे बातमीदार आयुष्यभर त्या नात्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आजींची गोष्ट सांगून झाल्यावर त्यांनी "मी कसला माणूस" हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा काढला नाही.

पुढचं काम वेगळं होतं. केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखांबद्दल मांडणी केली, ज्यांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. त्यांना सुतक नाही, भेटायला येणारं कुणी नाही, रजा नाही. झाकीर हुसेन यांचं दफन अमेरिकेत झालं. मुंबईला अंत्यदर्शनही मिळालं नाही. मग निरोप कसा घ्यायचा? मी सुचवलं ते एवढंच : एक पूर्ण एकल वादन निवडा, फोन बंद करा आणि पेशकारापासून वादन संपवणाऱ्या शेवटच्या तिहाईपर्यंत ऐका. मध्ये उठायचं नाही. कोणी बोलावलं तरी नाही.

पहिल्यांदा ते अर्ध्यात उठले. शरीराला सवयच तशी : आता फोन येईल. बातमीदारीतून बाहेर आलेल्या बऱ्याच लोकांमध्ये मी हे पाहते. वर्षानुवर्षं ते वाक्याच्या शेवटी आपलं नाव, वाहिनीचं नाव आणि 'मुंबई' म्हणत आलेले असतात. वाहिनीचं नाव गळलं की उरलेलं नाव त्यांना स्वतःलाच अपुरं वाटतं. फोन वाजत नाही याचं सुख होण्याआधी, आपली कुणाला गरज नाही, हे बोचतं. या बाबतीत मी त्यांच्या पत्नीलाही एकदा बोलावलं, कारण "आता तर आराम आहे ना" हे वाक्य घरात रोज म्हटलं जात होतं आणि ते दरवेळी लागत होतं. वडिलांचं दुःखही आलं, पण त्याच्या वेळेला, निराळ्या दिवशी. तेव्हा अॅम्ब्युलन्स, दाखला, नातेवाइकांचे फोन हे सगळं याच माणसाने अंगावर घेतलं होतं. रडायला जागा कुणी ठेवलीच नव्हती.

हे वाचताना कुणाला स्वतःबद्दल शंका आली असेल तर सांगते. आवडत्या कलाकारासाठी काही आठवडे रडू येणं, त्याचं वादन लावायचा धीर न होणं, एखाद्या जाहिरातीने गलबलून येणं, यात काही बिघडलेलं नाही. झोप आणि भूक बराच काळ गेली, कामावर जाणं सुटलं, दारूचं प्रमाण वाढलं, महिने उलटूनही दुःखाची धार तसूभरही कमी झाली नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर मात्र एकटं राहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

गेल्या डिसेंबरात, पहिल्या स्मृतिदिनाच्या आधी, त्यांना जुन्या वाहिनीतल्या एका कनिष्ठ सहकाऱ्याचा फोन आला. सर, तुमचं तबल्यावर प्रेम आहे, एक छोटी स्क्रिप्ट द्याल? त्यांनी विचारलं, किती वेळ आहे? वीस सेकंद, व्हिज्युअल्सवर. ते म्हणाले, वीस सेकंदांत मी लिहिणार नाही. दोन मिनिटं दे आणि मधे तीस सेकंद नुसता तबला वाजू दे, व्हॉइसओव्हर नको. सहकारी म्हणाला, विचारून सांगतो. उत्तर यायच्या आधीच यांनी लिहायला घेतलं होतं.